दोन गाड्यांची एक हिलमन

राजापेठ, अमरावती
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. केशरआत्यास,
संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इथे सगळे ठीक आहोत. आईचे गुडघे सोडले तर तक्रार नाही. तुमचे कान कसे आहेत? फोनवर मी सांगतो एक आणि तुम्हाला ऐकू जातं दुसरं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर वहिनी ते एवढ्या मोठ्याने वाचते की तुमच्या गल्लीला आधी कळतं आणि तुम्हाला नंतर. म्हणून तुम्ही सांगितलं तसं पत्रच लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं होतं, हे पक्कं.

बातमी अशी की आपल्या आबांची जुनी हिलमन मोटार काल स्वतःच्या इंजिनावर चालली. गॅरेजच्या फाटकापासून चौकापर्यंत गेली आणि परत आली. ट्यूशनची पोरं स्कूट्या आडव्या लावून फोटो काढत होती. एका मुलीने विचारलं की ही ॲम्बेसेडरची आई आहे का. मी सांगितलं की आई नाही, मावशी म्हणता येईल; माहेर दोघींचं विलायतेतलंच. आमचे ललितभाऊ, ज्यांच्या गॅरेजमध्ये मी काम करतो, ते कधी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. ते कान लावून म्हणाले की शिलाई मशीन वाजून राहिली. मला तेवढ्यावर दोन घास जास्त गेले.

तुमच्या शेडमधून ती आणली तेव्हा तिच्या हेडलाइटमध्ये गांधीलमाश्यांचं घर होतं, आठवतं ना? आता काच मूळचीच आहे, फक्त धुतली आहे. ललितभाऊंचा नियम आहे की आधी इंजिन, मग ब्रेक, पत्रा आणि रंग सगळ्यांत शेवटी. त्यामुळे गाडीच्या अंगाला अजून हात लावलेला नाही. तळाला आबांनी डांबराचा जाड थर दिलेला आहे, गंज लागू नये म्हणून दिला असेल. तो खरवडायचा आहे.

तुम्ही किंमत कागदावर लिहून आण म्हणालात, त्यासाठी नागपूरचे शेखर सर येणार आहेत. जुन्या विलायती गाड्यांची किंमत ठरवणं हाच त्यांचा धंदा. ते म्हणतात की अशा गाडीत नवं जितकं कमी, तितकी किंमत जास्त. पत्रा मूळचा हवा, काच मूळची हवी, इंजिनावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर कागदाशी जुळायला हवा. म्हणून मूळचा फिक्कट हिरवा रंगच द्यायचा आहे. पायलने मला पोपटी सांगितला आहे. नात तुमची आहे, तुम्हीच तिला समजवा.

काळजी एकच आहे. लग्नानंतर पायलला अकोल्याहून थेट धारणीपर्यंत याच गाडीतून पाठवायचं म्हणता. अकोटच्या पुढे मेळघाटातला तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. ब्रेक मी तपासले आहेत. परत तपासतो.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
संघपाल


अकोला
दि. १ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास,
केशरआत्याचे अ. उ. आ.

तुयं पत्र भेटलं. अक्षर पाहून वाटते की पोरगा कलेक्टर हाये, आणि बारावीत मात्र दोनदा आपटला. असो. आम्ही खुशाल हाओत. कानात औषध टाकून राहिली, पण फरक म्हणून नाई. बरंच हाये. सुनेचं अर्धं ऐकू येत नाई.

काळजी कमी करत जा. लहानपणी तू शाळेतून घरी येऊन दप्तर उघडून पाहे की पेन्सिल आली का नाई, आणि पुन्हा शाळेत जाऊन पाहे की राहिली तर नाई. ते आठवून मी एकटीच हासली.

आता कामाचं. नवरदेव धम्मदीप लय गुणी पोरगा हाये, आश्रमशाळेत मास्तर हाये. पण त्याचा मामा जानराव! साक्षगंधाच्या दिवशी सोयरीक पक्की कराले आला आणि त्याच्या नव्या जीपचंच पुराण लावलं. सीट अशी, एसी असा. मी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं की आमच्या घरी माया बापाची विलायती हिलमन हाये, अकोला-अमरावती टॅक्सी चालवली त्यानं तिच्यावर, आणि तशी गाडी तुमच्या साऱ्या तालुक्यात नाई. जानराव म्हणे, बाई, जुन्या लोखंडाले किलोच्या भावानं घेतात. सारे फिदीफिदी हासले. पायलचं तोंड एवढंसं झालं. म्हणून मले ती किंमत कागदावर पाहिजे. साहेबाची सही पाहिजे, शिक्का पाहिजे. तो कागद मी जानरावच्या हातात देईन आणि म्हणीन की वाच.

पोपटी रंगाचं मी पायलले सांगतलं. ती रुसली. मग मी म्हटलं की हिरव्या गाडीत लाल शालू उठून दिसते, तर राजी झाली. लग्नाची नऊ फेब्रुवारी काही लांब नाई. हात चालव.

तुया आईले गुडघ्यावर एरंडाचं पान बांधाले सांग. जीव लावतेस तसाच लावत राय.

तुयी,
केशरआत्या


राजापेठ, अमरावती
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. केशरआत्यास,
संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र कसं सुरू करावं ते कळत नाही. घरी सगळे ठीक आहेत, ते आधी लिहितो, नाहीतर तुम्ही घाबराल. घाबरलो आहे तो मी.

शेखर सर आले होते. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं एक चुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवत नेलं. खाली पत्रा असेल तर चुंबक धरतं, पुट्टी भरलेली असेल तर सोडतं. पुढचा मडगार्ड धरला. पुढचं दार धरलं. पुढच्या दाराच्या मागे दोन दारांमधला जो खांब आहे, तिथे चुंबक सुटून त्यांच्या पायावर पडलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही त्याच जागी पडलं. मग त्यांनी स्टूल मागितलं आणि छतावर लावलं. छतावरही तिथेच. ललितभाऊ चहा पीत होते, ते प्यायचे थांबले.

सर मला म्हणाले की खालचं डांबर खरवड. मी झोपून खरवडलं. आत्या, डांबराखाली एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वेल्डिंगची जाड रेघ आहे. आपली हिलमन एक गाडी नाही. दोन वेगवेगळ्या हिलमन मधोमध कापून एकीचं पुढचं अंग आणि दुसरीचं मागचं अंग जोडलेलं आहे. मागचे दिवेसुद्धा दुसऱ्या सालचे निघाले. एवढे महिने मी ते रोज पुसत होतो.

मी सरांना विचारलं की जोड पक्का असेल तर काय बिघडलं. त्यांनी नीट समजावलं. ट्रकला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते आणि तिच्यावर अंग बसवलेलं असतं. या गाडीला वेगळी चासी नाही, तिचं अंग हीच चासी. ते कापलं की कणाच कापला. त्यांनी कागदावर किमतीच्या जागी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की संग्राह्य मूल्य नाही, वाहन रस्त्यावर चालवण्यास अयोग्य. सही केली, शिक्काही मारला. तुम्हाला पाहिजे होता तो कागद हा असा आला आहे. पाठवत नाही, माझ्याजवळ ठेवतो.

ललितभाऊंचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणाले की तू काहून रडून राहिला, वरून पुट्टी मार, रंग मार, नवरीले गाडीखाली झोपून पाहायचं हाये का? मी सरांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

हे आबांना माहीत होतं का? का कोणी त्यांना फसवून ही गाडी विकली? आबांसारख्या माणसाला कोणी असं फसवलं असेल, हा विचार मला सहन होत नाही. तुम्हाला काही आठवत असेल तर लगेच कळवा. पायलला तूर्त सांगू नका.

उत्तराची वाट पाहतो. रागावलात तरी उत्तर द्या.

आपला,
संघपाल


अकोला
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास,
केशरआत्याचे आशीर्वाद.

तुयं पत्र वाचून मी हादरली, पण तू समजतेस त्या कारणानं नाई. अरे, तुले हे माहीतच नव्हतं? साऱ्या खानदानाले माहीत हाये! मले वाटलं की तुया बापानं तुले कधीचंच सांगतलं असन.

आबाले कोणी फसवलं नाई. ऐक. मूर्तिजापूरजवळ एका ट्रकनं आबाची टॅक्सी मागून ठोकली. आत कोणी नव्हतं म्हणून वाचले. मागचं अंग पार कागदासारखं चुरगळलं, पुढचं जसंच्या तसं. आबा आठ दिवस जेवला नाई. मग त्याले कळलं की एका जिनिंगवाल्या शेठकडे अशीच गाडी पडली हाये, तिचं पुढचं अंग झाडाले धडकून गेलं आणि मागचं शाबूत. आबानं ती बैलगाडीवर आणली. बैलगाडीवर! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक मिस्त्री होता, त्यानं आमच्या अंगणात दोन्ही गाड्या आऱ्यानं कापल्या आणि जोडल्या. मी नव्यानंच माहेरी आलेली होती, पोटुशी होती, तरी पत्रा धरून उभी राहिली. सारा मोहल्ला पाहाले जमला. जोड झाल्यावर आबानं पेढे वाटले. नागपूरचा तुया साहेब ज्याले खोट म्हणते, त्याचे आम्ही पेढे खाल्ले हाओत.

त्यानंतर कितीतरी वर्षं चालली ती. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, कापसानं भरलेले बोद नेले. आणि तो साहेब म्हणते किंमत नाई? त्याले म्हणा, एका गाडीत दोन विलायती गाड्या हायेत, तर दुप्पट लाव.

तू आता मले भेवाडू नको. पत्रिका छापल्या. जानरावले मी शब्द देऊन बसली. पायलनं मैत्रिणींले फोटो पाठवले. आता जर मी म्हटलं की गाडी येत नाई, तर पोरगी त्या घरात पाय ठेवायच्या आधीच तिचं हासं होईन आणि जन्मभर जानराव तिले लोखंडवाल्या बाईची नात म्हणन. इतकंच भेव वाटत असन तर गाडीत माणसं भरून चालवून पाय, मग बोल. माया बापाचा जोड हाये तो.

ललित बरोबर सांगून राहिला. पुट्टी मार. राग नाई, पण पुढचं पत्र शहाणपणाचं लिही.

तुयी,
केशरआत्या


राजापेठ, अमरावती
दि. १२ जानेवारी २०२५

ती. केशरआत्यास,
संघपालचा सविनय जयभीम.

तुम्ही म्हणालात की माणसं भरून पाहा. मी भरून पाहिलं. माणसं नाही भरली. सरकीची पोती भरली.

ललितभाऊंच्या ओळखीच्या तेलघाणीतून पोती आणली आणि एकेक वजन करून घेतलं. पायलचं वजन आईला माहीत होतं. धम्मदीपचं फोटोवरून अंदाजाने धरलं. तुमचं मी थोडं कमीच धरलं होतं, ललितभाऊंनी त्यात आणखी सरकी ओतायला लावली. रागावू नका. मागच्या सीटवर तीन पोती, पुढे माझ्या शेजारी जानरावांचं एक, आणि डिकीत पायलच्या पेटीएवढं वजन. कोणतं कोणाचं ते चुकू नये म्हणून मी खडूने नावंही घातली होती. ते करायला नको होतं, असं आता वाटतं.

मागच्या रविवारी सकाळी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नेली. सुट्टीमुळे तिथे रस्ते मोकळे असतात आणि खड्डेही भरपूर, मेळघाटासारखेच. मी एकटाच होतो. ललितभाऊ मागून मोटारसायकलवर येत होते. पहिली फेरी छान झाली. मला वाटलं की आत्याच बरोबर होत्या आणि मी भित्रा. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

दुसऱ्या फेरीत एका सूतगिरणीच्या भिंतीजवळ मध्यम खड्डा आला. मोठा नव्हता. वेगही सायकलइतकाच होता. माझ्या पाठीमागे आवाज झाला, ताडपत्री फाटल्यासारखा, लांब. आरशात मला रस्ता दिसायचा, तिथे मागची सीट दिसली. सीट वर नव्हे, खाली जात होती. गाडी मधोमध बसली. मागची दोन्ही दारं आपोआप उघडली आणि पोती बाहेर गेली. ब्रेक लावला तर पुढचं अंग थांबलं आणि मागचं अंग पुढे सरकून माझ्या सीटला येऊन भिडलं.

मी उतरलो. ललितभाऊ धावत आले आणि माझे हात, डोकं, पाठ चाचपू लागले. मला काही झालेलं नाही. मग आम्ही मागे पाहिलं. तुमचं पोतं रस्त्याच्या कडेला फुटलं होतं. धम्मदीपचं नालीत होतं. पायलचं पोतं दिसेना. मी वेड्यासारखा हाका मारत होतो, पोत्याला. ललितभाऊंनी मला धरलं आणि बोट दाखवलं. ते मागच्या चाकाखाली होतं.

ललितभाऊ भिंतीला टेकून बसले. मग एवढंच म्हणाले की मी पुट्टी मार म्हटलं होतं ना रे.

जोडाची जागा मी नंतर पाहिली. वेल्डिंग सुटलेलं नाही, मिस्त्रीचं काम खरंच पक्कं होतं. त्याच्या शेजारचा पत्रा फाटला आहे, आणि फाटीची निम्मी कड जुनी, गंजलेली आहे. ती रविवारची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीच फाटायला लागलं होतं.

आत्या, मी पायलला गाडी देणार नाही. गाडी उरलेलीच नाही, पण असती तरी दिली नसती. तुम्ही मला तोडलं तरी चालेल.

संघपाल


अकोला
दि. १७ जानेवारी २०२५

चि. संघपाल,

पत्र वाचता वाचता मी खाली बसली. सुनेले वाटलं की कोणी गेलं. तिनं हातातून पत्र घेऊन वाचलं, आणि या खेपेले तिच्या तोंडून आवाज निघाला नाई.

तुले लागलं नाई ना? खरं सांग. पाठीचा फोटो काढून घे डॉक्टरकडून. पोरांच्या पाठीतलं दुखणं मागून निघते.

दोन रात्री मी एकच करून राहिली. त्या गाडीत कोण कोण बसलं ते आठवून राहिली. मायी आई बसे. मी मायी तीनही लेकरं घेऊन बसे, एक मांडीवर, दोन दाराले टेकून. शेजारची सुंदराबाई बाळंतपणाले गेली ती त्यातच. आणि संघपाल, तू. तू झाला तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यातून तुले आणि तुया आईले आबानंच घरी आणलं. मागच्या सीटवर. मी तुले घेऊन बसली होती.

आणि आता पुढचं ऐक. तुले घरी सोडून आबा अकोल्याले परत आला आणि गाडी शेडात लावली, ती लावलीच. पुन्हा कोणाले बसू दिलं नाई. कधी डांबर आणून खाली लावत बसे. आम्ही किल्ली मागतली तर म्हणे, तिचं वय झालं. आमाले वाटलं की त्याचंच वय झालं. त्यानं काय पाहिलं होतं रे? आणि मी त्याच जोडाची शेखी मिरवून पायलले त्यात बसवून राहिली होती.

काल मी स्वतः एसटीनं धारणीले गेली. जानरावच्या वसरीत बसून सारं सांगतलं. पोतं चाकाखाली आलं तेही सांगतलं. मले वाटलं होतं की हासन. तो हासला नाई. पाणी मागवलं, मलेच पाजलं. मग म्हणे, बाई, जीप पाठवतो, आणि त्यात मी नाई बोलणार एसीचं. धम्मदीपची माय माधवी, तिनं माया हात सोडला नाई.

पायल रडली, पण गाडीसाठी नाई. तुले काही झालं असतं तर म्हणून रडली.

गाडी आता तुयी. ठेव, मोड, फेक, मले विचारू नको. मले तिचं नाव काढवत नाई. लग्नाले चार दिवस आधी ये.

आत्या


राजापेठ, अमरावती
दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. केशरआत्यास,
संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

लग्नाहून परत येऊन मी कामाला लागलो. पाठीचा फोटो काढला, सगळं ठीक आहे. काल पायलचा फोन आला होता. हरिसालच्या पुढे, धम्मदीपच्या शाळेकडे, मोबाइलला रेंज नाही, म्हणून टेकडीवर चढून बोलत होती. घरात जानराव मामा तिला बाईसाहेब म्हणतात, असं सांगून हसत होती.

तुम्ही गाडीचं विचारू नको म्हणालात, म्हणून विचारत नाही. पण काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मंगळवारी पुण्याकडचे एक गृहस्थ आले. बोलायला फार चांगले. त्यांच्याकडेही अशीच हिलमन आहे. पुढून एकदम सुंदर, मागून कोणीतरी ठोकलेली. त्यांना आपल्या गाडीचं मागचं अंग हवं होतं. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाले की मधोमध कापून जोडलं की कोणाला कळणारही नाही, आणि मे महिन्यात भाचीच्या लग्नात वरातीला काढायची आहे. ललितभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी भाव सांगितला नाही की नाही म्हटलं नाही. गाडी याची आहे, याले विचारा, एवढंच म्हणाले.

मी त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. खड्डा सांगितला, पोती सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुमच्याकडे ट्रॉलीवाल्याने जोडलं असेल, आमच्याकडे चांगले कारागीर आहेत. खांदा थोपटला माझा. पैसे काढून बॉनेटवर ठेवले.

आत्या, मी आजवर गाडीचा एक स्क्रूसुद्धा फेकलेला नाही, तुम्हाला माहीत आहे. मी आत गेलो, पत्रा कापायचा ग्राइंडर आणला आणि त्यांच्यासमोर मागच्या अंगाचे छताचे खांब कापले. ते ओरडले की वेडा झाला का, मी दुप्पट देतो. मी दारांखालच्या पट्ट्या कापल्या. मग तळ कापला, उभा आणि आडवा, कोणालाही परत जोडता येऊ नये असा. ठिणग्यांमुळे ते मागे सरकले. ललितभाऊंनी त्यांचे पैसे उचलून त्यांच्या खिशात घातले.

फाटकापाशी जाऊन ते परत वळले आणि शांतपणे मला विचारलं की या भागात असं मागचं अंग अजून कुठे मिळेल, तुला माहीत असेल. मी म्हणालो की नाही, मला माहीत नाही.

मला माहीत आहे. परतवाड्याला एका लाकडाच्या वखारीमागे अशीच एक हिलमन उभी आहे, पुढून गेलेली, मागून शाबूत. आज ना उद्या त्यांना तिचा पत्ता लागेल. मालक म्हातारे आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं आहे. सगळं ऐकून म्हणाले की या, कापून टाका. उद्या पहिल्या एसटीने निघतो. ग्राइंडर पिशवीत भरून ठेवला आहे.

आशीर्वाद असू द्या. उद्या लागतील.

आपला,
संघपाल